एक पौर्णिमा, दोन उत्सव

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष लागला की आपल्यासारख्या घरांत लगबग सुरू होते. गुरुचरित्राची पोथी कापडातून बाहेर निघते. सप्ताहाला कोण बसणार हे ठरतं. मग सात दिवस एकवेळ जेवण, जमिनीवर चटई-कांबळ्यावर झोपणं, सोवळ्याचे नियम. पौर्णिमेला सायंकाळी जन्मकाळ, पाळणा, सुंठवडा. माझ्या आईने हे नियम आयुष्यभर पाळले, आता आम्ही दोघं जमेल तसे पाळतो.

याच मार्गशीर्षात, आपल्याच नाशिक जिल्ह्यात, सुरगाणा, कळवण, बागलाण या डोंगराळ भागात आणखी एक व्रत चालू असतं. तेही पौर्णिमेलाच संपतं. त्याचं नाव डोंगऱ्यादेव. कोकणा, भिल्ल आणि इतर आदिवासी मंडळी हा उत्सव करतात. व्रत धरणाऱ्यांना तिकडे 'माऊली' म्हणतात. माऊली अनवाणी राहतात, खाण्यापिण्याचे नियम पाळतात, घरच्या अंथरुणावर झोपत नाहीत. भोपळा आणि शिंग यांपासून केलेली पावरी वाजते, तिच्या सुरावर रिंगण धरून नाचतात, गावोगाव जाऊन धान्य मागतात आणि पौर्णिमेच्या रात्री आपापल्या डोंगराच्या पायथ्याशी जाऊन देवाला जागवतात. सूर्य उगवल्यावर व्रत सुटतं.

म्हणजे आपण इकडे पाळणा हलवतो त्याच रात्री, त्याच चंद्राखाली, दोन-तीन तासांच्या वाटेवर ही माणसं डोंगराला हात जोडून उभी असतात. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे? मला स्वतःला वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक झालं तेव्हा मी हसलो होतो. त्या हसण्याविषयीच आज लिहायचं आहे.

रकाना

बी. कॉम. झाल्यावर बँकेत लागलो. १९८७ साली माझी बदली त्या डोंगरी भागातल्या एका लहान शाखेत झाली. मॅनेजर, दोन क्लार्क, एक शिपाई. तेव्हा सरकारी योजनांतून शेळ्या, बैल, विहिरीचं इंजिन यांसाठी कर्जं देत असत. बाजाराच्या दिवशी काउंटरसमोर ही गर्दी. बहुतेकांना लिहिता येत नसे, म्हणून अर्ज आम्हीच भरायचो आणि शेवटी अंगठा घ्यायचो. अर्जात नाव, गाव, जमीन किती, जमात कोणती, धर्म कोणता असे रकाने होते. धर्माच्या रकान्यात मी न विचारता 'हिंदू' लिहीत असे. विचारायचं काय त्यात?

एकदा एक म्हातारेबाबा शेळ्यांच्या कर्जासाठी आले. अर्ज भरून झाल्यावर म्हणाले, "साहेब, काय काय लिवलं ते वाचून दाव." मी वाचून दाखवलं. सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बरं हाय. पण डोंगऱ्यादेवाचा रकाना कंचा?"

मी मोठ्याने हसलो. शेजारचा क्लार्क हसला, शिपाईही हसला. "असा रकाना नसतो बाबा," मी म्हटलं आणि त्यांचा अंगठा शाईच्या पॅडवर टेकवला. ते काही बोलले नाहीत. अंगठा उठवून घेतला, डोक्याला पुसला आणि निघून गेले. कर्जाचे हप्ते त्यांनी अगदी वेळेवर फेडले, हेही इथे सांगायला हवं.

त्या वर्षी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी माऊलींचा एक जथा बँकेवरून गेला. मी दारात उभा राहून पाहत होतो. अंगात वारं आल्यासारखे काही जण डोलत होते. मी घरी बायकोला पत्रात लिहिलं, 'इथे भुताखेतांची पूजा चालते.' आणि खाली लिहिलं, 'इथे दत्तजयंतीला देऊळ नाही, म्हणून खोलीतच आरती केली.' एकाच पत्रात ही दोन वाक्यं मी लिहिली आणि मला त्यात काही विसंगत वाटलं नाही. वारं अंगात येण्याबद्दल म्हणाल, तर दत्ताच्या स्थानांवर वारं आलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. तिथे आपण हात जोडतो.

इंग्लंडची शेजारीण

यानंतर पुष्कळ वर्षं गेली. निवृत्त झालो. माझी भाची नोकरीनिमित्त इंग्लंडला असते. तिच्या शेजारी माझ्याच वयाच्या एक बाई राहतात. तिने एकदा व्हिडिओ कॉलवर ओळख करून दिली आणि म्हणाली, "मामा, या पेगन आहेत." मी म्हटलं, म्हणजे काय?

तेव्हा कळलं ते थोडक्यात सांगतो. लॅटिनमध्ये 'पागानुस' म्हणजे खेडवळ माणूस. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्म पसरला तेव्हा जे जुन्या देवांना धरून राहिले त्यांना हे नाव पडलं. म्हणजे मुळात ही शिवीच. पुढे युरोपातले ते जुने देव जवळजवळ नाहीसे झाले. लिथुएनिया हा देश सर्वांत शेवटी, १३८७ साली, ख्रिस्ती झाला. पण गेल्या शे-पाऊणशे वर्षांत तिकडच्या काही लोकांनी ते जुने देव पुन्हा शोधायला सुरुवात केली आहे. इंग्लंडमध्ये चेटुकाविरुद्धचा जुना कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली जेराल्ड गार्डनर या गृहस्थांनी पुस्तक लिहून 'विका' नावाचा पंथ लोकांसमोर आणला. हे गृहस्थ मलायात कस्टम खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. निवृत्त माणूस काय करील सांगता येत नाही! आइसलँडमध्ये १९७२ साली एका शेतकरी कवीच्या पुढाकाराने जुन्या देवांची संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी सरकारने तिला मान्यता दिली. इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेत २०११ साली सुमारे ५७ हजार लोकांनी स्वतःला पेगन म्हणवलं, २०२१ साली सुमारे ७४ हजारांनी.

या बाई थंडीतल्या सर्वांत लहान दिवसाचा सूर्योदय पाहायला दरवर्षी जातात. ओढ्याकाठी एक जुना वृक्ष आहे, त्याला नमस्कार करतात. मला त्यांनी विचारलं, "तुमच्या गावात नदीची आरती होते म्हणे, खरं का?" मी अभिमानाने सांगितलं, "होय, रामकुंडावर होते. आमची गोदावरी." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझंही मन भरून आलं. वाटलं, किती सात्त्विक बाई! किती खोल श्रद्धा!

नंतर भाचीने बाकीची कथा सांगितली. बाईंची सख्खी बहीण नियमाने चर्चला जाते. ती हिच्यासाठी दर रविवारी प्रार्थना करते, कारण तिच्या मते ही सैतानाच्या वाटेला लागली आहे. मुलगा काहीच मानत नाही. त्याला आईचं हे वेड वाटतं आणि तो मित्रांपुढे संकोचतो. आणि आमच्या भाचीच्या मराठी मंडळातले लोक खूश. ते म्हणतात, "बघा, शेवटी आपल्याकडेच आले. सूर्य, झाड, नदी. हे तर आपलंच!" म्हणजे बहिणीला ती बाई बिघडलेली दिसते, मुलाला भोळसट दिसते आणि आपल्या लोकांना आपल्यासारखी दिसते. ती बाई स्वतः काय म्हणते हे या तिघांपैकी कोणी विचारलं असेल असं वाटत नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळ्यांसमोर एकदम ते म्हातारेबाबा आले. डोंगराला नमस्कार करणारे. मनात आलं, अरे, ही गोरी बाई झाडाला हात जोडते तर तुझा कंठ दाटतो, आणि सुरगाण्याकडचा म्हातारा डोंगराला हात जोडतो तर तू हसतोस? त्याच्याकडे तर ते वाडवडिलांपासून अखंड चालत आलंय, बाईंनी पुस्तकातून उभं केलंय. फरक कशात होता? तिची श्रद्धा इंग्रजीतून आली होती. त्याची फाटक्या धोतरातून आली होती.

हे लिहायला लाज वाटते. पण दत्तमहाराजांपुढे आणि तुमच्यापुढे खोटं कशाला बोलू?

नाव कोणी द्यायचं?

यानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचू लागलो. लक्षात आलं की रकान्याची भानगड माझ्या शाखेपुरती नव्हती. इंग्रजांच्या जनगणनेत अशा लोकांना एका वेळी 'ॲनिमिस्ट', म्हणजे वस्तूवस्तूंत जीव मानणारे, असं नाव होतं. पुढे 'आदिम जमातींचे धर्म' असं झालं. मिशनरी त्यांना अंधारात चाचपडणारे समजत. आपले मालवणचे थोर समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ सालच्या इंग्रजी ग्रंथात मांडलं की हे मागे राहिलेले हिंदूच आहेत. व्हेरिअर एल्विन म्हणत की त्यांच्या जगण्यात बाहेरच्यांनी उगाच हात घालू नये. मोठमोठे विद्वान, मोठमोठे वाद. आज झारखंडकडचे कित्येक आदिवासी आपला धर्म 'सरना' असा सांगतात. २०११ च्या जनगणनेत 'इतर धर्म' या सदरात सुमारे ७९ लाख लोक नोंदले गेले, त्यांत ४९ लाखांहून अधिक सरना होते. नोव्हेंबर २०२० मध्ये झारखंड विधानसभेने वेगळ्या सरना नोंदीचा ठरावच केला.

हे आकडे वाचताना मला आमचं 'सस्पेन्स' खातं आठवलं. बँकेत एखादी रक्कम आली आणि ती कोणत्या खात्याची हे कळेना, तर ती तात्पुरती सस्पेन्सला टाकतात. त्यात त्या रकमेचा काही दोष नसतो. पैसे खरेच असतात. आमच्या लेजरला तिचा धनी माहीत नसतो एवढंच.

लिथुएनियाचं पुढचं ऐका. तिथे 'रोमुवा' नावाची संस्था जुना धर्म पाळते. त्यांच्या भाषेत देवाला 'दिएवास' आणि अग्नीला 'उग्निस' म्हणतात. ऐकून कान टवकारतात की नाही? त्यांनी सरकारकडे मान्यता मागितली. २०१९ साली संसदेने नकार दिला. तिथल्या कॅथलिक धर्मगुरूंचाही विरोध होता. रोमुवाची मंडळी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेली, २०२१ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि डिसेंबर २०२४ मध्ये संसदेने मान्यता दिली. हे वाचून मी टाळी वाजवली. मग स्वतःलाच विचारलं, टाळी वाजवणं सोपं आहे, तिकडचे धर्मगुरू आपले कोणी लागत नाहीत. हेच आपल्या अंगणात घडलं तर?

आणि ते घडलं.

वाघदेवाचं छप्पर

आमचं एक लहानसं दत्तमंडळ आहे. दरवर्षी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही ब्लँकेट, वह्या, फराळ घेऊन जातो. पाड्याच्या शिवेवर वाघदेव आहे. उघड्यावर रोवलेला लाकडी खांब, त्यावर चंद्र, सूर्य, वाघ, नाग कोरलेले, शेंदूर फासलेला. आश्विन वद्य द्वादशीला आपण वसुबारस करतो, गाय-वासराला ओवाळतो. त्याच दिवशी ते वाघबारस करतात. गुरं राखणारे वाघाला विनवतात की आमच्या गुरांकडे येऊ नकोस. आपण गायीची पूजा करतो आणि ते गायीला खाऊ शकणाऱ्याची करतात. रानात राहणाऱ्याला दोघांशीही जुळवून घ्यावं लागतं.

चार वर्षांपूर्वी मंडळातल्या एका सधन गृहस्थांच्या मनात आलं की त्या जागेवर दत्ताचं छोटं मंदिर बांधावं. फरशी, टाइल्स, वर स्लॅब, आत संगमरवरी मूर्ती. वाघदेवही तिथेच एका कोपऱ्यात राहील. भावना अगदी शुद्ध होती, यात शंका नाही. मी खजिनदार. एका महिन्यात ५१ हजार जमले. मीही पाच हजार दिले आणि आनंदाने पावती फाडली.

आम्ही पाड्यावर सांगायला गेलो. मंडळी जमली. पाड्यातले वयोवृद्ध बाबा ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "दत्ताचं देऊळ बांधा की. गावात जागा देतो, पाया पडू. पण वाघदेवाला हात नका लावू. त्याला छप्पर चालत नाही. त्याला आभाळ लागतं."

आमच्यातले एक जण म्हणाले, "बाबा, तुम्ही हिंदूच ना?" बाबा म्हणाले, "मी पंढरीला जातो. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला पायी जातो. माळ आहे गळ्यात. आणि वाघदेव पण माझा आहे." तेवढ्यात कॉलेजात जाणारा एक तरुण उठला. "आम्ही हिंदूही नाही आणि ख्रिस्तीही नाही. आम्ही निसर्गपूजक. तुम्ही आम्हाला नाव देऊ नका." बाबा त्याच्यावर रागावले नाहीत, हसले फक्त. पाड्यात दोन घरं रविवारी प्रार्थनेला जाणारी आहेत. त्यांतला एक जण म्हणाला, "आम्ही आता वाघदेवाला जात नाही. पण तो आमच्या आज्याने रोवलाय. उपटू नका."

एकाच पाड्यात इतकी मतं. पण छप्पर नको यावर सगळ्यांचं एकमत.

नाशिकला परत आल्यावर बैठक झाली. बैठक कसली, भांडणच. सधन गृहस्थ माझे तीस वर्षांचे स्नेही. ते म्हणाले, "आपण देव द्यायला गेलो आणि हे लोक नको म्हणतात. अज्ञान आहे हे. आज नको म्हणतील, उद्या आरती करतील." मला मनातून त्यांचं पटत होतं. तोंड उघडलं तेही त्यांच्या बाजूने बोलायलाच. पण का कोण जाणे, शब्द निघाले ते वेगळेच. मी म्हणालो, "त्यांच्याकडे देव आहे. आपण द्यायला निघालो कारण आपल्या अर्जात त्याचा रकाना नाही." मग १९८७ सालची गोष्ट सांगितली, माझ्या हसण्यासकट.

मत घेतलं. पाच विरुद्ध तीन. मंदिर रद्द झालं. पाड्याला उन्हाळ्यात बायकांना पाण्यासाठी दरी उतरावी लागते, म्हणून बाबांच्या सांगण्यावरून त्या पैशांतून पाण्याची टाकी घेतली. टाकीवर मंडळाचं नाव घालायचं नाही असंही ठरलं. स्नेह्यांनी आपले पैसे परत मागितले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. पण मंडळ सोडलं. आज रस्त्यात भेटले तर "काय, बरं आहे ना?" एवढंच बोलतात. तीस वर्षांच्या स्नेहाला ही किंमत पडली. मी बरोबर वागलो का, हा प्रश्न मला अजूनही पडतो.

कोंबडं आणि डाकीण

कारण त्यांचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नव्हतं. त्यांनी मला दोन गोष्टी विचारल्या होत्या. पहिली: वाघदेवापुढे कोंबडं कापतात, त्यालाही तुम्ही मान देणार? दुसरी: त्याच भागात भगत एखाद्या गरीब बाईला डाकीण ठरवतो, लोक तिला मारतात, त्यालाही त्यांची श्रद्धा म्हणून सोडून देणार?

आपण दत्तभक्त. कोंबड्याचं नाव काढलं की मागे सरतो. ते लपवण्यात अर्थ नाही. आणि डाकीण ठरवून बाईचा छळ करणं हे पाप आहे. २०१३ पासून महाराष्ट्रात तो कायद्यानेही गुन्हा आहे. तिथे 'त्यांची परंपरा' म्हणून गप्प बसणारा माणूस मान देत नसतो, अंग चोरत असतो. इंग्लंड-युरोपातल्या नव्या पेगन मंडळींतही काही टोळकी जुन्या देवांच्या नावाने वंशद्वेष पसरवतात, आणि त्यांच्यातलेच इतर लोक त्यांना उघड विरोध करतात. म्हणजे देव नवा असो की जुना, माणसाचा छळ करणाऱ्याला सूट नाही. ती सूट आपल्यालाही नाही. आपल्याकडे सोवळ्याच्या नावाने माणसांना देवळाबाहेर ठेवलं गेलं. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली आपल्याच नाशकात करावा लागला, हे आपण कसं विसरणार?

मग मान द्यायचा आणि डोळेही उघडे ठेवायचे, हे जमवायचं कसं? याचं उत्तर मला बाहेर कुठे शोधावं लागलं नाही. ते आपल्या दत्तमहाराजांकडेच होतं.

अवधूताची वही

भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला एक अवधूत भेटतो. परंपरेने आपण त्यांना दत्तात्रेयच मानतो. याच स्कंधावर नाथमहाराजांनी एकनाथी भागवत लिहिलं आणि शके १४९५ मध्ये काशीला पूर्ण केलं. राजा विचारतो, तुम्ही इतके आनंदात कसे? अवधूत सांगतात, मला चोवीस गुरू भेटले. ही यादी आपण लहानपणापासून ऐकतो. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य. मग कबुतर, अजगर, समुद्र, पतंग, भुंगा, हत्ती, मध काढणारा, हरीण, मासा, पिंगला वेश्या, टिटवी, बालक, कुमारिका, बाण करणारा, साप, कोळी, गांधीलमाशी.

या यादीकडे मी आयुष्यभर पोथीतली यादी म्हणून पाहिलं. यंदा तिच्याकडे क्लार्कच्या नजरेने पाहिलं. तीन गोष्टी दिसल्या.

पहिली, चोविसांत देवळातला एकही नाही. सगळे डोंगर-रानातले, रस्त्यावरचे, बाजारातले. डोंगराकडून शिकणं हे पृथ्वी या पहिल्याच गुरूत येतं. मग डोंगऱ्यादेवाचा भक्त आपल्याला इतका परका का वाटावा?

दुसरी, अवधूताने अजगराला दीक्षा दिली नाही. मधमाशीच्या पोळ्यावर स्लॅब टाकला नाही. समुद्राला 'तू मुळात माझ्याच पंथाचा' असं सांगितलं नाही. पाहिलं, शिकले, नमस्कार केला आणि पुढे गेले. ज्याच्यापुढे आपण गुरू म्हणून उभे राहतो त्याला आपल्यासारखं करावं अशी घाई त्यांना नव्हती.

तिसरी सर्वांत महत्त्वाची. चोवीसही गुरूंकडून त्यांनी 'असं वाग' एवढंच घेतलं नाही. कबुतर पिलांच्या मोहात जाळ्यात सापडलं, पतंग ज्योतीवर जळला, मासा गळाला लागला. त्यांच्याकडून 'असं वागू नकोस' हे घेतलं. तरी त्यांना गुरूच म्हटलं. एखाद्याचं सगळं न पटताही त्याला मान देता येतो. आणि मान देतानाही जे चुकीचं ते चुकीचं म्हणता येतं. स्नेह्यांच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला यात मिळालं. कोंबडं मी कापणार नाही, प्रसाद म्हणून खाणारही नाही. डाकीण म्हणून बाईला मारत असतील तर पोलिसांकडे जाईन. पण त्या खांबापुढे म्हातारे बाबा डोळे मिटून उभे राहतात, तेव्हा मी चप्पल काढून बाजूला उभा राहीन.

एक गोष्ट आणखी. महाराजांच्या मागे गाय आहे आणि पायाशी चार कुत्री. शास्त्री त्यांचा अर्थ पृथ्वी आणि चार वेद असा सांगतात आणि तो मला मान्य आहे. पण अर्थ न सांगता नुसतं पाहिलं तरी दिसतं की आपला देव एकटा, बंद गाभाऱ्यात बसलेला नाही. औदुंबराखाली, जनावरांच्या सोबतीने, उघड्यावर उभा आहे. त्यालाही आभाळ लागतं.

शेवटी

दत्तभक्तहो, मी काही विद्वान नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज भरले आणि संध्याकाळी हिशोब जुळला की समाधान मानलं. पण एक हिशोब जुळायचा राहिला होता, तो इथे मांडला.

त्या म्हाताऱ्या बाबांचं खातं केव्हाच बंद झालं. आता ते हयात असण्याची शक्यता नाही. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर इतक्या वर्षांनी देतो: "बाबा, रकाना नव्हता, कारण अर्ज छापणाऱ्याला तुमचा देव ठाऊक नव्हता. मलाही नव्हता. आणि मी विचारलंही नाही. हसलो, त्याची क्षमा असावी."

माझ्या जुन्या स्नेह्यांच्या घरी हा अंक दरवर्षी जातो. त्यांनी इथवर वाचलं असेल तर एक विनंती. पुढच्या वाघबारशीला आपण दोघं त्या पाड्यावर जाऊ. वर्गणी नको, मूर्ती नको, भाषण नको. वसुबारशीचा नैवेद्य सकाळी घरी करून निघू. बाबा काय करतात ते लांबून पाहू. नाही पटलं तर नाही पटलं म्हणून परत येऊ. येताना वाटेत नेहमीच्या टपरीवर चहा घेऊ. गेल्या चार वर्षांत तो घेतलेला नाही.

आणि आपण सर्वांनी यंदा जन्मकाळाला सुंठवडा घेतल्यावर क्षणभर गच्चीत यावं, चंद्राकडे पाहावं. त्याच वेळी तिकडे कोणी माऊली डोंगराकडे तोंड करून उभा असेल. त्याला आपलं म्हणू नये, परकंही म्हणू नये. एक नमस्कार आपल्या दत्ताला करावा आणि एक त्याच्या नमस्काराला.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥